पॅनल स्टडी करताय? आधी माणसं टिकवायचं बघा

समजा यंदाच्या सर्वेत शंभरातले 20 बेरोजगार निघाले आणि पुढच्या वर्षीही 20च, तर काहीच बदललं नाही असं वाटतं, पण ते तेच 20 आहेत का वेगळेच हे कळायला पुन्हा त्याच माणसांकडे जावं लागतं. तुमचा प्रश्न असा असेल तरच पॅनलच्या, म्हणजे त्याच माणसांना दर फेरीत पुन्हा विचारण्याच्या, फंदात पडा, नुसता टक्का वर गेला का खाली एवढंच हवं असेल तर दर वेळी नवीन सॅम्पल घ्या, निम्मा ताप वाचेल. एकाच काळात जन्मलेल्यांचा माग ठेवायचा असेल तर कोहोर्ट, ब्रिटनमध्ये मार्च 1958 च्या एका आठवड्यात जन्मलेल्या सतराएक हजार बाळांचा असाच माग घेतलाय.

आता खरं काम. लोक प्रश्नावलीवर महिने घालवतात आणि पत्त्यांची यादी घाईघाईत उरकतात, उलटं करा. दर फेरीत 10 टक्के गळाले तर सहाव्या फेरीला शंभरातले 60 पण उरत नाहीत, आणि गळतात कोण तर बरेचदा तरुण, भाड्याने राहणारे, सतत घर बदलणारे, म्हणजे ज्यांच्या आयुष्यात उलथापालथ चाललीय नेमके तेच! म्हणून पहिल्याच भेटीत, परवानगी घेऊन, त्यांना ओळखणाऱ्या पण त्या घरात न राहणाऱ्या दोघातिघांचे नंबर लिहून घ्या, म्हणजे घर बदललं तरी माग लागेल, आणि नावं-नंबर उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये, मधे जोडणारा फक्त आयडी. तो आयडी घर फुटलं तरी बदलायचा नाही. अमेरिकेत 1968 पासून चालू असलेल्या पॅनल स्टडी ऑफ इन्कम डायनॅमिक्समध्ये तर मुलं वेगळी राहायला लागली की त्यांचंही घर स्टडीत धरतात.

प्रश्नांचे शब्द शक्यतो हलवू नका. ‘गेल्या आठवड्यात काम केलं का’ याचं पुढच्या फेरीत ‘सध्या नोकरी आहे का’ केलंत की फरक माणसात पडला का प्रश्नामुळे, हे कोणाच्या बापाला कळणार नाही. अजून एक गंमत, मधल्या वर्षाचं विचारलं की लोक सगळे बदल दोन मुलाखतींच्या सांध्यावर आणून ठेवतात, त्यामुळे नोकरीबद्दल मागचं उत्तर वाचून दाखवा, ‘मागच्या वेळी दुकानात होतात, अजून तिथेच का?’. मतांबद्दल मात्र असं अजिबात करू नका, लोक नुसती मान डोलावतात.

डेटा लाँग फॉरमॅटमध्ये ठेवा, एका ओळीत एका माणसाची एक फेरी. मॉडेल वगैरे नंतर, आधी गळालेल्यांची पहिल्या फेरीतली उत्तरं टिकलेल्यांशी ताडून बघा, मग वेट, म्हणजे कोणाचं उत्तर किती वजनाने मोजायचं ते, ठरवा, आणि किती जण कुठल्या फेरीत गेले तो तक्ता रिपोर्टच्या पहिल्या पानांतच टाका.