कोब्यावर फळ्यांची जमीन बसवताना या चुका टाळा

नृत्यवर्गाच्या दालनात कोब्यावर रिपांचा सांगाडा मांडून त्यावर फळ्या बसवल्या की जमीन पावलाखाली किंचित दबते आणि गुडघ्यांना काँक्रीटचा मार बसत नाही. मात्र हीच जमीन पहिल्या पावसाळ्यात फुगली, तर बोल लावला जातो तो लाकडाला आणि सुताराला; कोब्याकडे कोणी पाहत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक घाईची आहे. काँक्रीटला २८ दिवसांत अपेक्षित ताकद येते, म्हणून ते वाळलेही असेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात दर २५ मि.मी. जाडीला साधारण एक महिना धरावा लागतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर हे वाळणे जवळपास थांबतेच. सुमारे दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावे. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर काम थांबवावे. एप्रिलमध्ये कोरडा निघालेला कोबा जुलैमध्येही कोरडा राहील याची खात्री नसल्याने, तळमजल्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरणे मी कधीच टाळत नाही. तो भिंतीवर स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी बसवायच्या पट्टीच्या) आड येईल इतका वर वळवावा. मग त्यालाच भोके पाडून रिपा कोब्यात ठोकू नयेत, कारण ओल नेमकी त्या भोकांतून वर येते. रिपा रबरी गाद्यांवर मोकळ्या ठेवाव्यात.

करकर आवाजाचे मूळ बहुधा पॅकिंगमध्ये, म्हणजे रिपा समपातळीत आणण्यासाठी खाली सरकवलेल्या तुकड्यांमध्ये असते. एका दालनात आवाज करणारी फळी उचलली, तेव्हा रिपेखाली सिमेंटच्या पोत्याची चौपदरी घडी निघाली. कोब्याचे उंचवटे घासून आणि खळगे भरून पाणसळीत आणण्याचे दोन दिवस वाचवले, की असे जुगाड करावे लागतात.

लाकूड रुंदीत फुगते. दहा सें.मी. रुंदीच्या ६० फळ्या प्रत्येकी अर्धा मि.मी. जरी वाढल्या, तरी एकूण वाढ ३० मि.मी. होते, म्हणून फळ्यांच्या लांबीला समांतर असलेल्या दोन्ही भिंतींशी प्रत्येकी १५ मि.मी. फट ठेवावी आणि स्कर्टिंग फळीला न ठोकता भिंतीला ठोकावे. वाळवीचे औषध लावताना रिपांची कापलेली टोके हमखास विसरली जातात, तीही भिजवावीत.

फळ्यांच्या कडा वर येऊन त्या पन्हळीसारख्या दिसू लागल्या, तर ओल खालून येत आहे असे समजावे. अशा वेळी लगेच घासकाम करून जमीन सपाट करणे ही शेवटची, पण फार मोठी चूक ठरते: पुढे लाकूड वाळते, कडा खाली बसतात आणि फळ्यांचा मध्यभाग उंच राहतो. आधी भिंतीलगतच्या दोन-तीन फळ्या उचलून त्यांची खालची बाजू पाहावी, शेजारच्या न्हाणीघराची पाइपलाइन तपासावी आणि ओलीचे कारण बंद केल्यावर फळ्या पूर्ववत होतात का, यासाठी एक कोरडा हंगाम जाऊ द्यावा.