सांगलीतून कार डिझाइनकडे वळताना

विश्रामबागेत मेकॅनिकल करणारी पोरं सुट्टीत मला पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतः काढलेल्या गाड्यांची चित्रं, दाखवायला येतात. गाडी जमिनीला टेकलेली, चाकं ट्रॅक्टरएवढी, काचा नावापुरत्या. हात चांगला असतो. पण ‘ड्रायव्हर कुठं बसणार?’ विचारलं की पोरगं गप्प.

कन्सेप्ट कार, म्हणजे विक्रीआधी कल्पना दाखवायला केलेली नमुना गाडी. तिच्यात वाट्टेल ते काढायची मुभा असते, हा समज आधी सोडा. जनरल मोटर्सच्या हार्ली अर्लनं १९३८ मध्ये केलेली ब्युइक वाय-जॉब बघा. लपणारे हेडलाइट होते, बटणावर चालणाऱ्या काचा होत्या. काचा आज साध्या गाडीतही आल्या. लपणारे हेडलाइट काही दशकं चालले, मग पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या नियमांपुढं मागं पडले. काय टिकलं, काय गळलं आणि का, हे शोधायची सवय लावा.

आपल्याकडं टाटांनी २०१८ च्या ऑटो एक्स्पोत एच-फाइव्ह-एक्स मांडली. २०१९ मध्ये तिचीच हॅरियर झाली. दोघींचे फोटो शेजारी ठेवून ट्रेस करा. वर बारीक दिवे, खाली बंपरात हेडलॅम्प ही मांडणी राहिली. मोठाली चाकं जाऊन सुरुवातीला जास्तीत जास्त १७ इंची आली. चाक लहान झालं की दाराचा पत्रा उंच, जड दिसून अंगावर येतो. तो जडपणा झाकायला खालची काळी प्लॅस्टिकची पट्टी किती कामाची, ते तेव्हा कळतं.

सॉफ्टवेअर आलं तरी गाडीचं मॉडेल घडवायची क्ले सुटलेली नाही. ही शाडू नव्हे. मेण-तेलाची असते, ओव्हनमध्ये साधारण ६० अंशांपर्यंत तापवून फोमच्या सांगाड्यावर थापायची, थंड झाली की खरवडायची. काळी टेप ओढून रेघ ठरवायची. मग चंदेरी फिल्म चढवून उजेड कसा सरकतो ते बघायचं. अडखळला, की पुन्हा खरवड! घरी हेच शिकायचं तर धुतलेल्या गाडीच्या दाराशी उकिडवे बसा आणि समोरच्या खांबाचं प्रतिबिंब कुठं वाकतं ते बघा. शेजारी हसतील, हसू द्या.

डिझाइनच्या प्रवेशपरीक्षांचं थोडक्यात: बारावीनंतर यूसीड, पदवीनंतर सीड, दोन्ही आयआयटी मुंबई घेते. एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची वेगळी, तिथला वाहन डिझाइनचा एम. डेस. (पदव्युत्तर कोर्स) गांधीनगर कॅम्पसला आहे. पुण्यात क्लास भरपूर, पण फी ऐकून घरच्यांना घाम फुटेल. स्केचिंगचा रियाज घरीही होतो.

पोर्टफोलिओत एक तरी गाडी अशी ठेवा, जिच्यात चार माणसं नीट बसलेली दाखवता येतील. मुलाखतीत मला सगळ्यात जास्त प्रश्न तिच्यावरच आले.