जुन्या पत्रिकेवरचा गणपती ट्रेडलवर छापायचाय?

बडोद्यातल्या मराठी घरांत मुंज ठरली की ट्रंकेतून कुणाची तरी जुनी निमंत्रणपत्रिका निघतेच. कागद पिवळा पडलेला, शाई कुंकवासारखी लाल, कोपऱ्यांवर हळदीकुंकवाची बोटं. आणि फर्माईश: ‘ह्याच्यावरचाच गणपती हवा.’ आणि तो छापायचा ट्रेडलवर, म्हणजे उंच भागावरची शाई कागदावर दाबून छापणाऱ्या लेटरप्रेस यंत्रावर.

मोबाइलचा फोटो चालत नाही. रंगीत स्कॅन करा, १२०० डीपीआय (इंचाला १२०० ठिपके). मजकूर नव्याने जुळवा, जुन्यातून फक्त चित्र आणि वेलबुट्टी घ्या.

खरी गोम पुढे आहे. लेटरप्रेसला करडा रंग कळत नाही. प्लेटवर जागा एकतर उंच, नाहीतर खोल. म्हणून चित्र निव्वळ काळं-पांढरं लागतं. हे काम स्कॅनरवर सोपवू नका, तो हळदीचा डागही काळा करून देतो. फोटोशॉप किंवा गिम्प या चित्र सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल (रंगांचे थर) वेगवेगळे बघा. शाई लाल असेल तर हिरवा चॅनेल घ्या. त्यात शाई गडद दिसते आणि हळद बरीचशी पुसली जाते. शाई काळी असेल तर लाल चॅनेल, त्यात कुंकूही जातं. लाल रेघेवरच कुंकू सांडलेलं असेल तर मात्र हातानेच खोडत बसावं लागतं, इलाज नाही.

मग थ्रेशोल्ड, म्हणजे किती गडदपणापासून पुढे काळं आणि त्याआधी पांढरं, ती सीमा ठरवणं. इथे मी सपशेल आपटलोय. जुनी पत्रिका दाबूनच छापलेली असते, त्यामुळे शाई रेघेबाहेर सरकून रेघ आधीच जाड झालेली असते. नव्या छपाईत ती आणखी फुगते. भाच्याच्या मुंजीला स्क्रीनवर सुरेख दिसला म्हणून गणपती तसाच पाठवला. पत्रिका आल्या तेव्हा त्याचे डोळे बुजलेले, सोंडेवरच्या तीन रेघांची एक झालेली. आत्या म्हणाली, “झोपलाय का रे हा?” तेव्हापासून माझा नियम असा की स्क्रीनवर गणपती नुकताच तापातून उठल्यासारखा, बारीक रेघांचा दिसला पाहिजे. पण रेघ ०.२५ पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग) खाली नेऊ नका, प्लेटवर टिकत नाही. दोन रेघांमधली पांढरी फट निदान ०.५ पॉइंट ठेवा.

ऑटो-ट्रेसचा, म्हणजे रेघा संगणकाकडूनच गिरवून घ्यायचा, सल्ला देणाऱ्यांनी उंदराच्या मिशा एकदा भिंगातून बघाव्यात. सगळी टोकं गोल होतात. रेघ तुटलेली असेल तर चित्र दुप्पट आकारात फिकट छापून घ्या, वरून काळ्या पेनाने गिरवा, पुन्हा स्कॅन करून निम्मं करा. हाताची थरथरही निम्मी होते.

फाइल बिटमॅप टिफ, म्हणजे फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. जेपीईजी नको, कडांना करडे कण येतात. आणि चित्र स्वतः उलटं करून देऊ नका, ते प्लेटवाल्याचं काम. दोघांनीही उलटवलं तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होऊन येतो, मग घरात सोवळ्याओवळ्याची चर्चा आवरत नाही.

प्रूफ, म्हणजे नमुन्याची छपाई, पत्रिकेच्याच कागदावर मागा आणि आधी डोळे तपासा.