ओहोटीला कालवं, तिसऱ्या आणि गरीचं आमिष: या चुका टाळा

ओहोटीला कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले), तिसऱ्या (वाळू-चिखलातले छोटे शिंपले) किंवा गरीसाठी किडे गोळा करायला जाऊन रिकामी पिशवी घेऊन परतणारा हमखास म्हणतो, ‘किनाऱ्यावर आता काही उरलंच नाही.’ काही ठिकाणी ते खरं आहे. पण बरेचदा माणूसच चुकीच्या दिवशी गेलेला असतो. ओहोटी रोज दोनदा होते, कालवांचे खालचे खडक मात्र रोज उघडे पडत नाहीत. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरा, तेव्हा उधाण असतं. उधाणाची भरती जितकी वर चढते, तितकीच तिची ओहोटी लांब जाते.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा जुना हिशेब अंदाजापुरता चांगला आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी नऊच्या आसपास. पण मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर बघून वेंगुर्ल्यात उतरू नका. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, सिंधुदुर्गात साधारण दोन, आणि वेळाही जुळत नाहीत. खाडीत जितकं आत जाल, तितकी ओहोटी मुखापेक्षा उशिरा लागते.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे कोष्टकातल्या वेळेला घरून निघणं. ती वेळ पाणी सर्वात खाली असण्याची असते. दीड-दोन तास आधी पोचा, उतरत्या पाण्यामागे खाली सरका आणि पाणी वळलं की वर निघा. ‘अजून एक खडक’ करणारेच अडकतात. पहिल्या तासात भरती संथ वाटते, पण एकूण चढापैकी जवळपास निम्मा चढ तिसऱ्या आणि चौथ्या तासात होतो. मुंबई-रायगडकडे उधाणाला म्हणजे दोन तासांत दोन मीटर. शिवाय पाणी नेहमी समोरून येत नाही, तुमच्या पाठीमागचा चर आधी भरतो. जाताना घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला चर येताना कमरेला लागतो. म्हणून नजर समुद्राइतकीच त्या चरावर ठेवा. एकट्याने जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

आमिष घरी पोचेपर्यंत मरतं? बहुधा तुम्ही ते नळाच्या पाण्यात टाकलंय. खाऱ्या चिखलातले किडे गोड्या पाण्यात फुगून मरतात. भरून घेतलेल्या समुद्राच्या पाण्यातही गर्दी झाली की प्राणवायू संपतो. ओल्या शेवाळात किंवा खाऱ्या पाण्याने भिजवलेल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. तुटलेला किडा वेगळा काढा, नाहीतर बाकीचेही सडतात. उलटलेला दगड होता तसा ठेवा आणि खणलेला खड्डा बुजवा. दगडाखालचा जीव उन्हात टिकत नाही, मग पुढच्या उधाणाला तिथे आमिष कुठून मिळणार?

कालवांची धार चपलेतूनही कापते, म्हणून जाड तळव्याचे बंद बूट घाला. जखम झाली तर स्वच्छ पाण्याने लगेच धुवा, आणि सूज वाढली तर हळद दाबत बसू नका, डॉक्टर गाठा. उथळ वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत पुरलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निसटतं. सुबक नक्षीचा शंकूसारखा जिवंत शंख हातात घेऊ नका, त्याचा दंश विषारी असतो. प्रवाळ तर तोडूच नका, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत काही गोळा करण्याआधी वनखात्याला विचारा.

आता पिशवीतल्या तिसऱ्या. त्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे गटाराच्या किंवा कारखान्याच्या पाण्याजवळच्या घेऊच नका. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्याने वाळू निघते, शिसं निघत नाही. पाण्याचा रंग विचित्र लालसर-हिरवा दिसला तर मागे फिरा. १९८३ साली मंगळूरजवळ कुंबळे खाडीतल्या शिंपल्या खाऊन लोकांना विषबाधा झाली होती. असलं शैवाळाचं विष उकळूनही जात नाही.

टिचकी मारूनही न मिटणारी तिसरी टाकून द्या. आणि घट्ट मिटलेली आहे म्हणून चांगलीच, असंही समजू नका. आत मांस नसून नुसता काळा चिखल भरलेली एखादी असतेच. अशी एक जरी टोपात उघडली तरी सगळं कालवण ओतावं लागतं. धुताना प्रत्येक तिसरी दोन बोटांत धरून शिंपले आडवे सरकवून बघा. चिखलाची असेल तर तिथेच सुटते.