ऑलिव्हच्या घाण्याचं काळं पाणी: विजेने साका कसा धरायचा

ऑलिव्हचं तेल निघतं तेव्हा तेलापेक्षा जास्त निघतं ते काळपट, आंबूस आणि उग्र वासाचं पाणी. स्पेनमध्ये त्याला आल्पेचिन म्हणतात, ग्रीसमध्ये कात्सिगारोस, ट्युनिशिया-मोरोक्कोत मार्जिन. तेल, पाणी आणि चोथा वेगवेगळे काढणाऱ्या तीन-फेज सेंट्रिफ्यूजच्या घाण्यात टनभर फळामागे साधारण एक घनमीटर पाणी पडतं. दोन-फेजच्या घाण्यात ते चोथ्यातच राहतं, म्हणून तिथे दुखणं वेगळं आणि इलाजही वेगळा. इथे लिहिलंय ते तीन-फेजच्या पाण्याबद्दल.

या पाण्याचा पीएच ४.५ ते ५.५ असतो. सीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे ४० ते २०० ग्रॅम. शहरी सांडपाण्यात तो अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. आपल्याकडच्या डिस्टिलरीचं स्पेंट वॉश (दारू गाळल्यावर उरणारं काळं पाणी) ज्यांनी हाताळलंय त्यांना या आकड्यांचं नवल वाटणार नाही, पण इथला काळेपणा मुख्यतः फेनॉलांचा, म्हणजे फळातून येणाऱ्या तुरट-कडवट रेणूंचा, आहे. तीच फेनॉलं जिवाणूंना मारतात, त्यामुळे हे पाणी थेट बायोगॅसच्या टाकीत सोडलं तर टाकी बसते.

विजेने इथे काय करायचं हे आधी ठरवा. सगळी घाण विजेने जाळून टाकायचा मोह होतो. एक ग्रॅम सीओडी जाळायला कागदावरच ३.३५ अँपिअर-तास लागतात. लिटरला ४० ग्रॅमचं एक घनमीटर पाणी घेतलं तर ते १,३४,००० अँपिअर-तास झाले. ५ व्होल्टला ६७० युनिट, तेही एक इलेक्ट्रॉन वाया न जाता. कुठल्याही घाण्याला हे परवडणारं नाही. म्हणून वीज वापरायची ती साका धरण्यासाठी. अ‍ॅल्युमिनियमची प्लेट विरघळते, पाण्यात हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते तेलाचे थेंब, गर आणि मोठ्या रेणूंची फेनॉलं कवेत घेतं. तुरटी फिरवण्याचाच प्रकार, फक्त तुरटीबरोबर येणारं सल्फेट पाण्यात पडत नाही.

पहिली चाचणी १० लिटरवर करा. १८ × २४ सेंमी तळाची, ४० सेंमी उंच अ‍ॅक्रिलिकची टाकी घ्या. पाणी २३ सेंमीपर्यंतच येतं. वरची जागा फेसासाठी आहे, ती कमी करू नका. तळापासून १० सेंमीवर एक तोटी बसवा. प्लेटा पाच, सगळ्या ३ मिमी जाडीच्या, शुद्ध व्यापारी अ‍ॅल्युमिनियमच्या, १५ सेंमी रुंद आणि २० सेंमी बुडतील अशा. दोन प्लेटांमध्ये २ सेंमी अंतर आणि प्लेटांखाली ३ सेंमी मोकळी जागा ठेवा. पहिली, तिसरी, पाचवी एका तारेला. दुसरी आणि चौथी दुसऱ्या तारेला. जोडणी पाण्याच्या वर, स्टीलच्या नट-बोल्टने करा. तांब्याची क्लिप पाण्यात बुडाली तर तीही विरघळते आणि पाण्यात तांबं येतं. ३० व्होल्ट, ३० अँपिअरचा, स्थिर करंट देणारा डीसी सप्लाय आणि ६ चौ. मिमीची तार पुरते.

लोखंडाच्या प्लेटा स्वस्त पडतात, तरी पहिल्या चाचणीत त्या नकोत. हिरडा आणि हिराकस मिळून शाई कशी होते ते आठवा. फेनॉल आणि लोह यांचंही तेच होतं, आणि पाणी साफ होण्याऐवजी निळं-काळं दिसायला लागतं.

पाणी आधी १ मिमीच्या जाळीतून गाळा, २४ तास स्थिर ठेवा आणि वर आलेला तेलाचा तवंग काढून घ्या. ते तेल प्लेटांवर बसलं तर पुढचं सगळं फसतं. पीएच बदलायची गरज नसते. प्रक्रियेत तो आपोआप चढतो आणि ६.५-७ च्या आसपास येतो. मीठही सहसा लागत नाही, कारण या पाण्याची विद्युतवाहकता मुळातच चांगली असते. व्होल्टेज कमी करायला मुठीने मीठ टाकणारे आहेत, पण क्लोराइड आणि फेनॉल एकत्र आले की क्लोरोफेनॉल व्हायचा धोका असतो. लिटरला एक ग्रॅमच्या पुढे जाऊ नका.

प्लेटा पॉलिश पेपरने घासा, धुवा, वाळवा आणि वजन करा. स्टरर १५० आरपीएमला ठेवा. पहिली दहा मिनिटं १२ अँपिअर, मग २४. अ‍ॅनोडच्या (धन टोकाला जोडलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या प्लेटांच्या) दोन्ही बाजू धरून क्षेत्र १,२०० चौ. सेंमी होतं, म्हणजे चौ. सेंमीला २० मिलिअँपिअर. वाहकता सेंमीला १० मिलिसिमेन्सच्या आसपास असेल तर व्होल्टेज ५ ते ६ दिसेल. दर १५ मिनिटांनी ध्रुव उलटे करा आणि त्याच वेळी ५० मिली नमुना काढा. पीएच नमुन्यातच मोजा. करंट चालू असताना टाकीत पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बुडवला तर आकडा भरकटतो.

वहीत मिनिटं आणि व्होल्ट असतातच, पण हिशेब अँपिअर-तासांचा ठेवा. एका अँपिअर-तासाला ०.३३६ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम विरघळतं. ३६ अँपिअर-तास दिले की १० लिटरमध्ये १२ ग्रॅम, म्हणजे लिटरला १.२ ग्रॅम. टाकी बदलली, प्लेटा बदलल्या, तरी हाच आकडा पुढे नेता येतो. ६ व्होल्ट धरले तर वीज घनमीटरला सुमारे २२ युनिट. वजनात घट हिशेबापेक्षा थोडी जास्त आली तर घाबरू नका. कॅथोडजवळचं (ऋण टोकाच्या प्लेटेजवळचं) पाणी अल्कधर्मी होतं आणि तिथेही अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

त्याच ३६ अँपिअर-तासांत १६ लिटर हायड्रोजन निघतो. मोठ्या टाकीत घनमीटरला १,६०० लिटर. टाकीवर घट्ट झाकण नको. खिडकी उघडी हवी आणि हवा खेळती. करंट चालू असताना प्लेट उचलणं किंवा क्लिप हलवणं म्हणजे ठिणगी.

बिघाड बहुतेक वेळा व्होल्टेजवरून कळतो. करंट तोच असून व्होल्टेज ६ वरून ९-१० वर गेलं तर प्लेटांवर ऑक्साइड आणि तेलकट थर बसलाय. सप्लाय बंद करा, थर घासून काढा, ५ टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये पाच मिनिटं बुडवा, धुवा. व्होल्टेज एकदम पडलं तर दोन प्लेटा कुठेतरी टेकल्यात. फेस काठावर आला तर करंट निम्मा करा आणि पाण्याचा बारीक फवारा मारा. फेस मारणारं सिलिकॉन टाकलं तर तेच सीओडीत भर घालतं. पीएच ८.५ च्या वर गेला तर बसलेलं हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळतं, म्हणजे थांबायला उशीर झालाय.

करंट बंद केल्यावर अर्धा तास ३० आरपीएमने ढवळा, म्हणजे साक्यात अडकलेले बुडबुडे सुटतील. मग रात्रभर ठेवा. थोडा साका तरीही वर तरंगतो, बाकीचा खाली बसतो आणि निवळी मधे असते. तोटी मधे बसवली ती यासाठी.

सगळ्यात मोठी फसगत मोजताना होते. नुसतं ठेवलं तरी या पाण्यातून बराच गर खाली बसतो आणि त्याचं श्रेय विजेला दिलं जातं. म्हणून त्याच पाण्याचे दोन लिटर, करंट न देता, तितकाच वेळ ढवळून आणि रात्रभर ठेवून बाजूला मोजा. सीओडीच्या ट्यूबमध्ये घालण्याआधी नमुना शंभरपट पातळ करा. रंग चांगला उतरतो, सीओडी साधारण निम्म्यावर येतो. त्याखाली फारसा जात नाही, कारण साखर, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि लहान फेनॉलं साक्यात येतच नाहीत. लिटरला १.२ ग्रॅमवर काही फरक दिसला नाही तर २ ग्रॅमपर्यंत जाऊन बघा. अ‍ॅल्युमिनियम वाढवूनही सीओडीचा आलेख जिथे सपाट होतो तिथे थांबा.

निवळी पातळ करून बायोगॅसच्या टाकीला हळूहळू द्या. फेनॉलं कमी झाल्याने जिवाणू आता तग धरतात. साक्याचा खर्च मात्र आधीच धरून ठेवा. नुसतं हायड्रॉक्साइडच लिटरला साडेतीन ग्रॅम कोरडं भरतं, त्यात गर आणि तेल मिळून जो चिकट गाळ होतो तो फिल्टर प्रेसच्या कापडाला घट्ट धरून बसतो. थोडा चुना घातला तर तो सुटतो. हा गाळ अ‍ॅल्युमिनियम किती आहे हे तपासल्याशिवाय कंपोस्टमध्ये टाकू नये.