काल्पनिक जमातीची भाषा आणि लिपी घडवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली मुलं अद्भुतकथा लिहितात, त्यातल्या जमातींना स्वतःची भाषाही देतात. फार चांगली गोष्ट आहे. रोज दोन लिप्यांच्या पाट्या वाचणाऱ्याला हे काम जमायलाच हवं.

पण एक चूक सर्रास होते. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला नवं चिन्ह द्यायचं, की झाली लिपी! क्ष, ज्ञसुद्धा जागच्या जागी. ही नुसती वेश पालटलेली मराठी. कन्नड आणि देवनागरी दोन्ही ब्राह्मीच्याच लेकी, तरी कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए'ला वेगळी अक्षरं आहेत, 'ओ'लाही. मराठीला ती लागत नाहीत. म्हणून आधी जमातीचे ध्वनी ठरवा, अक्षरं मागाहून. आणि अक्षरांत नातं दिसू द्या. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टॉल्किन याने घडवलेल्या तेंग्वार लिपीत 'त'ची कमान दुहेरी केली की 'द' होतो. अशी लिपी वाचकाच्या लक्षात राहते.

दुसरी चूक मला जास्त खटकते: लिहायचं कशावर, याचा विचारच नसतो. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने सरळ रेघ ओढली तर पान चिरतं, म्हणून कानडी अक्षरं गोल झाली असं मानतात. मोडी बोरूने, हात शक्यतो न उचलता लिहायची, म्हणून तिची वळणं तशी. मग कड्याकपारीत राहणाऱ्या, दगडावर कोरणाऱ्या जमातीची अक्षरं वेलबुट्टीसारखी कशी? फुटक्या कौलावर खिळ्याने ती कोरून बघा. वळणावर खिळा घसरतो, कड उडते, आणि हात आपोआप तिरप्या रेघांकडे वळतो. त्या रेघाच ठेवा.

तोंडाचंही तसंच. चोचीच्या जमातीला ओठ नाहीत, तर प, फ, ब, भ, म कुठून येणार? राजाचं नाव 'भूपाम' असेल तर बदला.

शेवटची चूक म्हणजे भाषा सोवळी ठेवणं. आपल्या मराठीत अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द कानडीतून आलेत असं अभ्यासक सांगतात. तुमची डोंगरी जमात खालच्या गावात बाजाराला उतरत असेल, तर नात्यांचे आणि स्वयंपाकघरातले काही शब्द तिने तिथून उचललेले असू द्या, स्वतःच्या उच्चाराने थोडे मोडून.