हिंदू आणि बौद्ध मतांची तुलना करताय? या चुका टाळा

कर्म दोन्हीकडे, पुनर्जन्म दोन्हीकडे, निर्वाणही दोन्हीकडे. मग गाभा एकच, असं म्हणून लोक मोकळे होतात. पण घोळ होतो तो या सारख्या शब्दांमुळेच.

सगळ्यात मोठा घोळ पुनर्जन्माचा. जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा देही, म्हणजे देहातला आत्मा, जुनी शरीरं टाकून नवी घेतो, हे गीतेतलं चित्र मनात इतकं पक्कं असतं की आपण तेच बौद्ध मतालाही चिकटवतो. ही चूक जुनीच आहे; बुद्धाच्या संघातल्या एका भिक्खूनंही ती केली होती. साती नावाचा हा कोळ्याचा मुलगा 'तेच विज्ञान, म्हणजे तीच जाणीव, जन्मोजन्मी फिरते' असं सांगत सुटला होता. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या 38व्या सुत्तात, म्हणजे उपदेशात, बुद्ध त्याला बोलावून चांगलंच फटकारतो. लाकडावर पेटला तो लाकडाचा विस्तव, गोवरीवर पेटला तो गोवरीचा. जाणीवही अशीच कारणापुरती उपजते. मग पुढच्या जन्मात जातं काय? मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाच्या मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन राजाला दिव्याचा दाखला देतो. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणता येत नाही, अन् अगदी वेगळीही म्हणता येत नाही. म्हणून बौद्ध मत सांगताना वाक्यात 'आत्मा' कर्ता होऊन बसला, की ते वाक्य सरळ खोडायचं.

'मोक्ष म्हणजेच निर्वाण' हेही असंच. निर्वाण म्हणजे विझणं: लोभ, द्वेष, मोह विझणं. गीतेत 'ब्रह्मनिर्वाण' येतं खरं, पण तिथे ब्रह्म आहे, आणि फरक नेमका तोच. शिवाय 'हिंदू मोक्ष' असा एकच नाही. शंकराचार्यांच्या मते जीव ब्रह्मच आहे हे कळणं म्हणजे मोक्ष. मध्वाचार्यांच्या मते मुक्तीनंतरही जीव वेगळाच राहतो. कुणाचा मोक्ष, ते आधी ठरवा.

'हिंदू आस्तिक, बौद्ध नास्तिक' हे वाक्य दर्शनांच्या, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या, परिभाषेत बरोबर आहे, पण लोक त्याचा भलताच अर्थ घेतात. तिथे आस्तिक म्हणजे वेद प्रमाण मानणारा. म्हणून ईश्वर न मानणारं सांख्य आस्तिक ठरतं, जगाचा कर्ता न मानणारी मीमांसाही. उलट पाली सुत्तांत देव भरपूर: सहंपती ब्रह्मा बुद्धाला धम्म शिकवायची विनंती करतो, सक्क म्हणजे इंद्रही येतो. फक्त तेही जन्ममरणाच्या फेऱ्यातलेच, आणि जग घडवणारा त्यांत कुणी नाही.

राहिलं 'बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतार' हे वाक्य. हे मत पुराणांच्या परंपरेतलं आहे. ते बौद्धांच्या तोंडी घालू नका. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक तर बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे स्पष्ट शब्दांत नाकारते.